न दुखणारा डोळा

गॅरेजमागच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबाने माझ्या दादाच्या उजव्या डोळ्याला तोंड लावलं, चोखल्यासारखं केलं आणि थाळीत एक लालभडक धागा थुंकला.

"तुंबलेली नस," बाबा म्हणाला. "दुखतंय का आता?"

"नाही."

"मग गेलं. वाच समोरची पाटी."

दादाने पाटी घडाघडा वाचली. बायका हात जोडून रडायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. दादा शाळेची बस चालवतो. गेल्या आठवड्यात तो झोपेतून उठला तोच उजव्या डोळ्यापुढे धुरकट डाग घेऊन. दुखत नाही ना, मग जाईल आपोआप, म्हणून त्याने अंगावर काढलं. आणि उद्या हा पोरांनी भरलेली बस घेऊन रस्त्यावर जाणार होता.

मी पुढे झाले आणि त्याचा डावा डोळा तळहाताने झाकला. "दादा, आता वाच."

त्याने मान पुढे काढली, इकडेतिकडे वळवली आणि हळूच म्हणाला, "पाटी कुठंय?"

मागे कुणीतरी दार लावलं.

"हिच्या शंकेने डोळा गेला," बाबा कडाडला. बोलता बोलता त्याच्या ओठावर लाल धाग्याचं टोक आलं. ते आधी वहिनीला दिसलं. एरवी दहा माणसांत तोंड न उघडणाऱ्या वहिनीने ते धरून ओढलं, तर गालातून धाग्याचा अख्खा गुंडा बाहेर आला.

"दार उघडा," ती म्हणाली. उघडलं.

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "पडद्यावरची रक्तवाहिनी तुंबलीय. रक्त आणि पाणी झिरपून मधोमध सूज आलीय. नस ओढून काढता येत नाही, पण इंजेक्शनांनी सूज उतरवता येते. ब्लड प्रेशर केवढं वाढलंय, माहीत होतं?"

दादाला नव्हतं. प्रेशर आवरलं नाही तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका, असं त्यांनी बजावलं. आता इंजेक्शनं चालू आहेत. नजर किती परतेल, ते त्याही छातीठोक सांगत नाहीत. बस तूर्त दुसरा चालवतोय.

तेव्हा बाबांनो, एका डोळ्याने अचानक धूसर दिसलं तर दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, प्रेशर आणि साखर तपासून घ्या. फुंकरबाबाने फक्त शेड बदललंय. परवा तिथून एक ट्रकवाला 'बरा होऊन' बाहेर आला, गाडीत बसला आणि भर बाजारातून निघून गेला.