प्रियदर्शनीचा डावा पाय

भाग्यलक्ष्मी दिवसभर लोकांच्या पायांकडे बघायची. श्रीरामपुरममध्ये ती मोटार चालवायला शिकवायची, आणि शिकणारा माणूस तोंडाने काहीही म्हणो, त्याचा पाय खरं सांगतो असा तिचा अनुभव होता. घाबरला की क्लचवरचा पाय आधी ताठ होतो, चेहरा मागाहून. रविवारी संध्याकाळी तुंगा क्लबच्या पायऱ्यांवर बसून पोरींचा बास्केटबॉल बघतानाही ही खोड सुटत नसे.

यंदा तुंगाच्या संघाला साडेसातीच लागली होती. अनुभवी खेळाडू नोकऱ्या लागून दुसऱ्या संघांत गेल्या. उरल्या त्या सगळ्या कॉलेजातल्या. त्यातही एकीचा घोटा गेला, एकीचा खांदा. आणि जिच्यावर सगळ्यांची भिस्त होती ती उंच प्रियदर्शनी, गुडघ्याचं ऑपरेशन करून आत्ता कुठे परतली होती.

"पोटात अन्नच न्हाई, दुसरं काय," शेजारी बसलेले गुंडोअण्णा म्हणाले. ते मूळचे चिकोडीकडचे, पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. "आमच्याकडं पोरी भाकरी खाऊन बांधावरनं उड्या मारत्यात. एकीचं तरी गुडघं गेलंय काय? हितं नुसतं न्यूडल."

"अण्णा, डाएट हा एक भाग झाला," गिरीराज म्हणाला. तो पुण्याचा, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात कामाला. पहाटे उठून अमेरिकेतले सामने बघायचा, त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टींचं उत्तर माहीत असे. "खरा प्रॉब्लेम लोडचा आहे. त्याच पाच जणींना सारखं पळवतात. यंग टीम आहे, घडवायची असेल तर हरायची तयारी ठेवली पाहिजे."

"हरायला तयारी कशाला लागतीय? बिनतयारीचंच हरतोय की!"

भाग्यलक्ष्मी हसली, पण तिचं लक्ष मैदानावर होतं. प्रियदर्शनीला अगदी बास्केटखाली चेंडू मिळाला. समोर कुणी नव्हतं. उडी मारली की दोन गुण. पण तिने मान वळवली आणि चेंडू बाहेर दुसरीकडे फेकला.

"भ्याली!" गुंडोअण्णांनी कपाळावर हात मारला.

"कॉन्फिडन्स गेलाय तिचा," गिरीराज म्हणाला.

ती भ्याली असेल, तर कशाला? भाग्यलक्ष्मीने चेंडूचा नाद सोडला आणि उरलेला सामना फक्त प्रियदर्शनीच्या बुटांकडे बघत काढला. चेंडू अडवायला पोरगी उडायची तेव्हा खाली येताना दर वेळी उजवा पाय आधी टेकायचा, सगळा भार त्याच्यावर. डावा मागून यायचा, हलकेच, परक्याच्या घरात शिरल्यासारखा.

म्हणजे डावा गुडघा अजून दुखतोय, आणि ही ते लपवतेय! प्रियदर्शनी पडली ती हुबळीच्या सामन्यात, तिथे यांच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. आता ती दोन्ही गुडघ्यांना काळे पट्टे घालायची, त्यामुळे ऑपरेशन कोणत्या पायाचं ते बाहेरून कळत नसे. कोच रक्षिताला सांगावं, तर पोरगी संघाबाहेर जाईल. न सांगावं, तर पाय जाईल. शेवटी तिने ठरवलं, जिचा पाय तिलाच विचारावं.

सामना हरून पोरी बाहेर आल्या. प्रियदर्शनी फाटकाजवळ शहाळं पीत उभी होती.

"स्वल्प बोलायचं होतं, बाळ. डावा गुडघा अजून दुखतो काय ग?"

प्रियदर्शनीने शहाळं खाली घेतलं. "डावा? अक्का, ऑपरेशन उजव्याचं झालंय."

"अय्यो! मग डावा पाय का जपतेस?"

"मी कुठे जपते?"

"उडी मारून दाखव बघू."

आपली चेष्टा चालली आहे का, अशा नजरेने पोरीने तिच्याकडे पाहिलं. मग शहाळं तिच्या हातात दिलं आणि फुटपाथवर जागच्या जागी उडी मारली. पुन्हा मारली, या वेळी स्वतःच्या पायांकडे बघत. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली होती.

"हो की," ती म्हणाली. "पण दुखत तर काहीच नाही. मग मी असं का करते?"

ज्या पायावर सुरी चालली त्याच्यावर भार, आणि धडधाकट पायाला सवलत, हे भाग्यलक्ष्मीच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. रात्री जेवतानाही ती तेच घोकत होती.

दुसऱ्या दिवशी सरावाला दोघी मिळून रक्षिताकडे गेल्या. "आता प्रेक्षकांनी कोचिंग करायचं का?" रक्षिता आधी फटकन म्हणाली. पण तिने फोन काढून प्रियदर्शनीच्या उड्या टिपल्या आणि सावकाश करून पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्याच आठवड्यात तिला व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी एकेका पायावर उड्या मारायला लावल्या. उजवा पाय खणखणीत होता. डाव्यावर पोरगी लटपटली.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं : ऑपरेशननंतर घरी असताना प्रियदर्शनीने उजव्या पायाचा व्यायाम एक दिवस चुकवला नव्हता. डाव्याकडे मात्र तिनेही पाहिलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तो बरा आहे असं सगळे धरून चालले, आणि तो बसल्या बसल्या निकामी होत गेला. असंच खेळत राहिली तर पुढे जाणारा गुडघा त्याचाच.

रक्षिताने तिला सामन्यांतून काढलं. डावा पाय उजव्याच्या बरोबरीला येईपर्यंत मैदान बंद.

"तुम्ही विचारलं नसतं तर मी रविवारी खेळले असते," प्रियदर्शनी भाग्यलक्ष्मीला एवढंच म्हणाली आणि वळून चालू लागली.

पायऱ्यांवरही तीच तऱ्हा. "अक्का, तुमच्या तोंडाला कुलूप घालाय पायजे होतं," गुंडोअण्णा म्हणाले. "आता खालच्या गटात जातोय बघा आपण." गिरीराजने आकडे काढून दाखवले. तिच्याशिवाय संघ किती कमी गुण करतो, ते. पोरीचं नुकसान केलं की भलं, हे भाग्यलक्ष्मीला कळत नव्हतं.

त्या रविवारी प्रियदर्शनी आली. राखीव खेळाडूंच्या बाकावर न बसता ती पायऱ्या चढून वर आली आणि या तिघांच्या खालच्या पायरीवर बसली. गुंडोअण्णांचा आवाज आपोआप उतरला. गिरीराजने फोन खिशात ठेवला.

पण सवय कुठवर दबणार? मैदानात बुटकी सौम्या चेंडू घेऊन आत घुसली आणि अडकली. गुंडोअण्णा पुटपुटले, "ही पोर नुसती पळतीय, बघत काय न्हाई."

"बघते ती," प्रियदर्शनी मागे न वळता म्हणाली. "मला शोधते. तिथे मी असायची ना. आता कुणीच नसतं."

तिघांनीही त्या जागेकडे पाहिलं. खरंच, बास्केटच्या डाव्या बाजूला मोकळीच जागा होती. इतक्या वर्षांत त्यांनी रिकामी जागा म्हणून कधी काही पाहिलं नव्हतं.

मग गिरीराजने एक प्रश्न विचारला, गुंडोअण्णांनी दुसरा, आणि बांध फुटला. मध्यंतरापर्यंत पोरगी वळून त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. खेळणारी कुठे बघते, दमल्यावर आधी काय सुटतं, कोच ओरडते ते ऐकू येतं की नाही, एक ना दोन. बोलता बोलता तिने उलट विचारलं, "इथून मी कशी दिसायचे?"

गुंडोअण्णा खाकरले. "आम्ही म्हनायचो... भ्याली म्हून."

"भ्याले नव्हते, अण्णा." ती म्हणाली. "वर जायचं कळायचं. खाली कसं यायचं, तेच पायांना आठवत नव्हतं."

"मला चढावर थांबलेली गाडी सोडताना तसंच होतं," गिरीराज म्हणाला, आणि सगळे हसले.

पुढचे रविवार ती तिथेच बसली. भाग्यलक्ष्मीशी ती पुन्हा कधी बोलू लागली ते दोघींनाही सांगता आलं नसतं. एकदा तिने सौम्याला बोलावून वरून काय दिसतं ते दाखवलं. पुढच्या सामन्यात सौम्याने त्या मोकळ्या जागेत स्वतःच धाव घेतली, दुसरीकडून चेंडू मागितला, आणि तुंगा खूप दिवसांनी जिंकली. गुंडोअण्णांनी सगळ्यांना चुरमुरे चारले.

शेवटच्या सामन्याला रक्षिताने प्रियदर्शनीला थोडा वेळ उतरवलं. बास्केटखाली चेंडू आला, आणि ती उडाली. चेंडू लोखंडी कड्यावर आपटून बाहेर गेला. पायऱ्यांवर हळहळ उठली. भाग्यलक्ष्मीला मात्र तो चेंडू दिसलाच नाही. दोन्ही बूट एकाच वेळी जमिनीला लागले होते.

तुंगा सामना हरली. पण आधीच्या विजयांच्या जोरावर संघ कसाबसा आपल्या गटात टिकला.

"टिकलो न्हवं? मग तिला आधीपासनं खेळवलं असतं तर वर बी गेलो असतो," गुंडोअण्णा उठता उठता म्हणाले.

"किंवा डावा गुडघा गेला असता," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"गेलाच असता असं प्रूव्ह करता येतं का पण?" गिरीराजने विचारलं. "जी दुखापत झालीच नाही, ती मोजायची कशी?"

"नाही बाबा, ते मलाही माहीत नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. खाली प्रियदर्शनी बुटांच्या नाड्या सोडत होती. "सरी, बरं तर, तिलाच विचारूया," असं म्हणून ती पायऱ्या उतरू लागली, आणि तिच्या मागोमाग ते दोघे, वाद घालत.