बेचाळीस जणांची एकच यादी

माझी मावशी एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. राहणारी माणसं बेचाळीस. कुणाला काय चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. नव्या व्यवस्थापकबाईंना मात्र ते पटेना. "मावशी, तुमचं वय झालं. एक दिवस विसरलात तर? महिनाअखेरीपर्यंत दुसरी बाई बघते," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मला राग आला. मी प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे शेखी मिरवायची आयती संधीही मिळाली. "संगणकात घालते, मग विसरायचा प्रश्नच नाही," म्हणाले. डिक्शनरी केली: प्रत्येक नावापुढे एक यादी, काही नवं कळलं की त्याच यादीत जोडायचं. व्यवस्थापकबाईंनी सगळ्यांकडून पथ्याचे कागद भरून घेतले होते; ते मी एका दुपारी टाइप केले, आणि बाईंनी ते लगेच रद्दीत दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन. "तुझ्या यादीप्रमाणे आज सगळ्यांना नुसतं गरम पाणी वाढते."

धावत गेले. यादीत पोस्टमास्तरांच्या नावापुढे दूध, शेंगदाणे, अंडी, टोमॅटो आणि खाली आणखी वीतभर. शिंपीणबाईंपुढेही तेच. मी डोक्याला हात लावला. रिकामी यादी एकदाच करून मी तीच बेचाळीस नावांना जोडली होती. एकाच्या यादीत घातलेलं सगळ्यांच्या यादीत पडत होतं. प्रत्येकाला वेगळी यादी देणं दोन मिनिटांचं काम, पण त्यातलं कुणाचं काय, हे आता संगणकालाही ठाऊक नव्हतं. मावशीची नोकरी वाचवायला गेले आणि मीच ती घालवली, म्हणून मला रडू फुटलं.

"रडतेस काय? बस, सांगते," मावशी भोपळा चिरता चिरता म्हणाली. "पोस्टमास्तर, दूध. शिंपीणबाई, शेंगदाणे; टोमॅटो कच्चा नको, शिजवलेला चालतो..."

बेचाळीस नावं, एकदाही न अडखळता. व्यवस्थापकबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मध्येच जाऊन तिघांना विचारून आल्या. तिघांचंही बरोबर निघालं.

"झालं?" मी विचारलं.

"एक राहिलं. बाई, तुम्ही. भोपळा असला की पोट भरलंय म्हणता आणि खोलीत जाऊन बिस्किटं खाता. मी तुमच्यासाठी बटाट्याची भाजी वेगळी काढून ठेवते, पण तुम्ही कधी मागतच नाही."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"त्रेचाळिसावं नाव माझं लिही," त्या मला म्हणाल्या. "आणि मावशी, त्या दुसऱ्या बाईंना मी नको म्हणून कळवते. आज बटाटा आहे का?"