मैनेच्या भेटीला

फुलंब्रीचा फकिरा संभाजीनगरातल्या एका प्राणिबागेत हत्तीण सांभाळायचा. मैना तिचं नाव. आली तेव्हा पोरकं पिल्लूच होती. आई विहिरीत पडून मेलेली. फकिरानं तिला बादलीनं दूध पाजलं, थंडीत तिच्या शेजारी पोतं अंथरून निजला. घरी त्याची लेक तनुजा बापाची वाट बघत झोपी जायची.

पुढं शहर फुगत गेलं. बागेच्या चारी अंगांनी इमारती उठल्या, बोअर आटले. दुष्काळात टँकर आला की माणसं ड्रम घेऊन धावायची अन् बागेच्या फाटकाकडं बघून म्हणायची, "लेकरांना प्यायला नाय, अन् हत्तीण न्हातीय!" फकिरा ओल्या गोणपाटानं मैनेचं अंग पुसायचा. तिच्या कातडीला भेगा पडल्या, तेव्हा त्यानंच बागेच्या साहेबांना सांगितलं, "पाणी असंल तिथं पाठवा तिला."

विदर्भातल्या जंगलात, नदीकाठी, अनाथ हत्तींसाठी एक आसरा होता. मैना ट्रकमध्ये चढेना, म्हणून आधी फकिरा चढला. ती मागोमाग आली. मग तो बाजूची फळी सरकवून खाली उतरला, आणि ट्रक निघाला.

त्यानंतर तनुजा कितीदा म्हणाली, "आबा, एकदा जाऊन येऊ." तो टाळायचा. "मला बघून ती परत यायचा हट्ट धरंल. कशाला तिच्या जिवाला घोर?"

यंदा तनुजानं न विचारताच तिकिटं काढली.

तिथला माहूत कचरू. त्यानं दोघांना झाडाखाली उभं केलं. हत्ती नदीवरून परतत होते. फकिरा एकेक हत्तीण निरखत राहिला. तनुजानंच हाक दिली, "मैने!"

एक हत्तीण थबकली. सोंड उचलून तिनं वास घेतला आणि सावकाश चालत आली. फकिराचं डोकं, मान, खांदे चाचपत राहिली. पोटातून घुमल्यासारखा आवाज काढला.

"बरी हायस ना गं?" फकिराच्या डोळ्यांना धार लागली. "लई जाडी झालीस."

इतक्यात मागं एक पिल्लू चिखलात घसरून किंचाळलं. मैना गर्रकन वळली. त्याला सोंडेनं उठवून तिनं पायांमध्ये घेतलं. मग काही ती परत आली नाही.

"रेल्वेखाली आई गेली त्याची," कचरू म्हणाला. "हिच्याबिगर कुणाला जवळ येऊ देत नाय."

तनुजानं भीत भीत विचारलं, "आबा, वाईट वाटलं?"

"कशाचं? पोर रडतंय अन् ही माझ्यापाशी उभी राहिली असती, तर वाईट वाटलं असतं."

तनुजा पिल्लाकडं बघत म्हणाली, "लहानपणी मला मैनेचा लई राग यायचा."

"ठाऊक हाय. तिच्या खुराकात माती कालवली होतीस तू."

"तुम्हाला कळलं व्हतं?"

"ती खाईना, मग कळलंच की."

"मग मला रागावला का नाही?"

"कसा रागावू? मला बी तुझी आठवण यायची तिथं."

तनुजा हसायला गेली अन् तिला रडूच आलं. फकिरानं तिला जवळ ओढलं. पलीकडं मैनेच्या पायांत पिल्लानं पुन्हा लोळण घेतली होती.