पाठीवरच्या खुणा

मित्रांनो, मी पेशी निवडणारे एक जुने यंत्र आहे. कारखान्यात माझे लेसर किरण जुळवले, बारीक तोंडाची नळी बसवली आणि मला या बिनखिडकीच्या, गार खोलीत आणून ठेवले. इथेच मला बाई भेटल्या.

बाई संशोधक. मूळ पेशींपासून बशीत वाढवलेल्या असंख्य पेशींमधून त्यांना फक्त पुढे स्वादुपिंड घडवणाऱ्या पेशी हव्या होत्या. त्यांची ओळख आतल्या प्रथिनावरून पटे. पण ते पाहायचे तर पेशी मारावी लागे. "मेल्यावर ओळख पटून काय उपयोग?" बाई म्हणत. म्हणून त्या पेशीच्या पाठीवरची खूण शोधू लागल्या. खुणेला चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडे त्या पेशींत मिसळत. मग एकेक पेशी थेंबात बसून माझ्या किरणासमोर येई. चमकली की मी तो थेंब वेगळ्या नळीत वळवत असे.

किती खुणा फसल्या! एक यकृताच्या पेशींवरही निघाली, दुसरी आतड्याच्या. अखेर दोन खुणा जोडीने असलेल्या पेशीच हव्या तशा निघाल्या. खोलीत आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, बहुतेक पेशी मरून पडलेल्या! मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"यंत्रच जुनाट आहे, काढून टाका," बाईंचे सहकारी वैतागले.

बाईंनी माझ्या दाबाचा काटा पाहिला. मग म्हणाल्या, "आपणच त्यांना फार जोरात ढकलतोय." त्यांनी रुंद तोंडाची नळी बसवली आणि दाब उतरवला.

"अहो बाई, अशानं दिवस जाईल!" सहकारी कुरकुरले.

"जाऊ दे. जिवंत आहेत त्या. तांदूळ नाही निवडत आपण."

या वेळी पेशी तगल्या. काही आठवड्यांनी त्यांतल्या काही चक्क इन्सुलिन बनवू लागल्या. बाईंची धाकटी बहीण रोज इन्सुलिनची सुई टोचून घेई. ती मुद्दाम पाहायला आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने विचारले, "ताई, या मला कधी मिळणार?"

"खूप वर्षं लागतील गं. कदाचित तुला नाहीच मिळणार."

बहिणीने डोळा हलवला नाही. "पण कुणाला तरी मिळतील ना? मग थांब, अजून जरा बघू दे."

आता शेजारी नवे यंत्र आले आहे. माझ्याकडे कुणी फारसे फिरकत नाही. आले तरी काम उरकून न धुताच जातात. पेशी वाहून आणणाऱ्या खारट पाण्याचे मीठ नळीत सुकते, तोंड बुजते. बाई मात्र निवृत्त होईपर्यंत मला स्वतः धुऊन मगच दिवा मालवत. मित्रांनो, कौतुक नको. जाताना तेवढे माझ्या नळीतून पाणी सोडा. तुमच्यामागून येणाऱ्याच्या पेशींनाही याच वाटेने जायचे असते.