तिवरातला कोल्हा

उमेळ्याच्या त्या इमारतीत सुनंदाबाईंना ओळखणारं कुणी नव्हतं. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना साताऱ्याहून इथल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि स्वतः मस्कत गाठलं. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून १९९८च्या जूनमध्ये त्यांनी लहान मुलांसाठी इंग्रजीची शिकवणी काढली. पाच मुलं जमली. सहा वाजले की चौघं आपापल्या आयांबरोबर पळत. पाचवी रीमा, खाडीकडच्या धर्मा शेतकऱ्याची नात. आई शेतावरून येईपर्यंत ती तासभर थांबायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. बाईंचा अख्खा दिवस त्या एका तासासाठी होता, पण हे त्या कुणापाशी कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात धडा होता जंगली प्राणी आणि त्यांची घरं. भिंतीवरच्या तक्त्यावर चित्र चिकटवायचं आणि वाक्य म्हणायचं. वाघ जंगलात गेला, मगर नदीत. रीमाच्या वाट्याला कोल्हा आला. तिने तो पाण्याच्या कडेला लावला आणि ठसक्यात म्हणाली, "जॅकल लिव्हज इन द तिवर."

मुलं खो खो हसली. बाईही हसल्या, तिथेच चुकलं. तिवर म्हणजे खाडीतली झाडं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी कोल्हा काढून जंगलात लावला आणि रीमाकडून 'फॉरेस्ट' पाच वेळा वदवून घेतलं. खरं तर बाईंनी जन्मात कोल्हा पाहिला तो साताऱ्याच्या उसात. पण पुस्तकात जंगल लिहिलं होतं, मग स्वतःच्या डोळ्यांना कोण विचारतो!

रीमा चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी बाई विचारत विचारत तिच्या घरी गेल्या. धर्माने तक्रार केली नाही. त्याने बाईंना सरळ बांधावर नेलं. ओहोटी लागली होती आणि तिवरांच्या मुळांशी एक कोल्हा खेकड्यांसाठी चिखल उकरत होता.

"पानी उतरलं की चिंबोऱ्या खायाला येतात," धर्मा म्हणाला. "इथलेच हायेत ते, बाय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी रंगखडूने तक्त्यावर तिवरं काढली.

दुसऱ्या दिवशी रीमा आली. बाईंनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि कोल्हा तिच्या हातात दिला. रीमाने तक्त्याकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे, आणि कोल्हा जंगलात चिकटवला.

"जॅकल लिव्हज इन द फॉरेस्ट," ती म्हणाली. वाक्यात एकही चूक नव्हती.

"अगं, तुझंच बरोबर होतं. मी पाहिला ना काल, तुझ्या आज्याबरोबर."

"घरचं इथे नाय बोलायचं, टीचर," रीमाने त्यांनाच समजावलं.

सहा वाजता तिने दप्तर भरलं आणि बाकीच्यांबरोबर चपला घातल्या. बाईंनी थांब म्हटलं, तेव्हा तिने नकाराची मान हलवली. आजपासून शिकवणीतल्या पिंकीच्या आईबरोबर जायचं, हे ती घरूनच ठरवून आली होती.