बापूरावांच्या पट्ट्याला पडलेले भोक

मी एक जुना चामडी कमरपट्टा आहे. माझ्या उजव्या अंगाला पिस्तुलाचे म्यान शिवलेले आहे आणि त्या म्यानाला आरपार भोक आहे. मित्रांनो, ते भोक पडले त्या सकाळपासून साधी दाराची कडी वाजली तरी मला धडकी भरते.

पुणे कॅम्पातल्या मेहबूबचाचांनी मला घडवले. ओले चामडे त्यांनी पिस्तुलावर दाबून दाबून बसवले, सावलीत वाळवले आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले. त्यामुळे पिस्तुलाचा आकार माझ्या अंगात कायमचा उतरला. माझे मालक मांजरी गावचे बापूराव. जमिनीच्या वादात धमक्या येऊ लागल्या, तेव्हा रीतसर परवाना काढून त्यांनी पिस्तूल घेतले. सुरुवातीला ते फार जपायचे. घरी आले की आधी गोळ्यांचे मॅगझिन काढायचे, मग वरचा सरकता खटका मागे ओढून नळीत एखादी गोळी उरली नाही ना, हे आत बोट घालून चाचपायचे. पुढे वाद मिटला, धमक्या थांबल्या, पण मी काही कमरेवरून उतरलो नाही.

मग त्यांच्या मोबाइलवर ‘कमरेचा ऐवज’ नावाचा ग्रुप आला. सगळे परवानेवाले! रोज सकाळी पिस्तूल, घड्याळ, गाडीची किल्ली, टॉर्च असे नीट मांडून प्रत्येकाने फोटो टाकायचा. विश्रांतवाडीचे पृथ्वीराज सतत नवे म्यान मिरवायचे, पण मला सगळे ‘खानदानी माल’ म्हणत. खोटे कशाला बोलू, मीही फुशारून जायचो. मला तेल लावण्यात बापूरावांची सकाळ जाऊ लागली आणि आत बोट घालून चाचपायची सवय मात्र सुटली.

त्या नवरात्रात अष्टमीच्या संध्याकाळी बापूराव उसाच्या कडेने चालले होते. बिबट्या आल्याची आवई उठलेलीच होती. उसात काहीतरी खसफसले. बापूरावांनी पिस्तूल उपसून वरचा खटका मागे ओढला आणि एक गोळी नळीत चढली. तेवढ्यात वैरणीचा भारा घेतलेला त्यांचा गडी कचरू बाहेर आला.

“मालक, मी हाय! मी हाय!” असे ओरडून तो मटकन खालीच बसला.

बापूराव ओशाळून हसले, पिस्तूल माझ्यात खोचले आणि तडक घरी आले. ओशाळलेपणात नळीतली गोळी त्यांच्या ध्यानातूनच गेली. ती माझ्या कुशीत होती. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, शस्त्रांच्या पूजेचा दिवस. पाटावर कोयता, विळा आणि मी. बापूरावांनी मॅगझिन काढून कपाटात ठेवले, झेंडूच्या फुलांत पिस्तूल मांडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग त्यांना वाटले, आणखी एक काढू, फोटोत माणूस हवा. कर्वेनगरला कॉलेजात शिकणारी त्यांची नात संस्कृती सुट्टीला आली होती.

“घे गं हातात. झकास दिसंल.”

“आजोबा, पण सेफ आहे ना?”

“मॅगझिन कपाटात हाय. रिकामं हाय ते.”

चामड्याच्या अंगावर काटा येतो का? माझ्या आला. नाही हो, रिकामे नव्हते! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण पट्ट्याला कुठला आवाज? संस्कृतीने पिस्तूल उचलले. समोर तिची आजी इंदुबाई कुंकवाची वाटी घेऊन बसल्या होत्या. नळीचे तोंड थेट त्यांच्या छातीकडे होते आणि पोरीचे बोट चापावर.

“जरा हस की!” बापूराव मोबाइल सरसावत म्हणाले.

“पूजेआधी कसले फोटो काढताय?” इंदुबाई करवादल्या. “ठेव गं ते खाली. आधी कुंकू लावू दे.”

पिस्तूल माझ्यावर ठेवायला संस्कृती वाकली आणि तिचे बोट आवळले गेले.

कानठळ्या बसल्या. मला भोसकून, पाट फोडून गोळी फरशीत घुसली. इंदुबाईंचे लुगडे लालच लाल झाले. बापूरावांच्या हातातून मोबाइल गळून पडला. ते इंदुबाईंकडे धावले.

“अहो, कुंकू आहे ते,” इंदुबाई कशाबशा म्हणाल्या. “पोरीकडे बघा आधी.”

संस्कृती भिंतीला चिकटून उभी होती. खाली पडलेला मोबाइल टिंग टिंग वाजत होता. पहिल्या फोटोवर अंगठे येत होते.

बापूरावांनी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन घडले ते सांगितले आणि पिस्तूल जमा केले. मला ते फेकून देणार होते, पण इंदुबाईंनी दारामागच्या खुंटीवर अडकवले. म्हणाल्या, “येता-जाता दिसू दे तुम्हाला.” दिवाळीत शेजारी फटाका वाजला की संस्कृती आजीचा हात घट्ट धरायची. मलाही कुणीतरी धरावे असे वाटायचे.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. शस्त्र ही नटवून दाखवायची वस्तू नव्हे. कुणी कितीही मोठा माणूस ‘रिकामं आहे’ म्हणाला, तरी हात लावू नका, तिथून उठून जा.

परवा बापूरावांनी माझा भोकासकट फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, ‘मी रिकामं हाय म्हणालो होतो.’ बराच वेळ एकही अंगठा आला नाही. मग पृथ्वीराजांचा निरोप आला. बापूरावांनी तो इंदुबाईंना वाचून दाखवला.

“काका, आत्ता माझं उघडून बघितलं. नळीत गोळी होती. मुलगी शेजारीच खेळतेय.”