सगळ्यांत वरचं नाव

ऑफिसात मला सगळे ‘काना-मात्रा’ म्हणतात. म्हणोत बापडे. या इंग्रजी-मराठी शब्दकोशापायी एकोणीस वर्षं मी हाडाची काडं केली आणि यंदा तो एकदाचा छापून होणार होता. शेवटच्या पानावर काम करणाऱ्यांची चार नावं, सगळ्यांत वर माझं. खोटं कशाला बोलू, त्या पानाचं प्रूफ मी दिवसातून तीनदा काढून बघत होतो. बायकोनं तर त्यासाठी फ्रेमही आणून ठेवली होती.

त्याच प्रूफात कोशातल्या शब्दांची कार्डं तपासणाऱ्या ताईंनी स्वतःच्या नावावर रेघ मारली. मी भडकलो.

“ताई, तीन वर्षं राबलात आणि नाव खोडता?”

“राहू द्या ना, भाऊ.”

“अजिबात नाही. ज्यानं काम केलं त्याचं नाव लागणार. तुमच्या संकोचापायी मी पान अपुरं सोडणार नाही!”

त्या माझ्या टेबलावर एक कार्ड ठेवून जेवायला गेल्या.

कार्ड ‘फ्युजिटिव्ह’चं होतं. मजकूर माझाच: फरारी, पळपुटा. क्षणभंगुर. उन्हात उडून जाणारा कच्चा रंग. मूळ लॅटिन, ‘पळणे’ या अर्थाच्या धातूपासून. रोमन लोक हा शब्द मालकाकडून पळालेल्या गुलामाला लावत. खाली ताईंचं बारीक अक्षर: ‘पळपुटा म्हणजे भित्रा. तो गुलाम भित्रा होता का? का पळाला, हे कुणी विचारलं?’

मला शिकवतायत! कार्ड घेऊन मी तावातावानं निघालो. ताई खिडकीपाशी डबा उघडून नुसत्याच बसल्या होत्या.

“भाऊ, हा कोश प्रत्येक शाळेत जाणार ना?”

“जाणारच. का?”

“माझा नवरा शाळेत मास्तर आहे. नवीन पुस्तक हातात पडलं की शेवटचं पानसुद्धा सोडत नाही.” त्यांनी बाही वर सरकवली. कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. “लेकीला घेऊन निघाले तेव्हा ती चार वर्षांची होती. आम्ही कुठे आहोत ते अजून त्याला कळलेलं नाही.”

जगभरच्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या मला शेजारच्या टेबलावरचं माणूस कळलं नव्हतं. फार लाज वाटली.

तडक साहेबांकडे गेलो.

“एकच नाव गाळायचं तर कारण फाइलवर लिहा,” ते म्हणाले. “नाहीतर चारही छापा, किंवा एकही नको.”

कारण लिहिलं असतं तर फाइल दहा हातांतून फिरली असती, आणि भिंतींनाही कान असतात. मी कारण सांगितलं नाही.

जागेवर येऊन आधी कार्डावरचा ‘पळपुटा’ खोडला. तिथे लिहिलं, ‘जीव वाचवण्यासाठी निघून गेलेला’. बाकीचे दोघं चिडतील, चिडू देत. तसाही मी खडूसच आहे.

मग प्रूफ पुढे ओढलं आणि सगळ्यांत वरच्या नावापासून खोडायला सुरुवात केली.